सुजेचं काम आणि सुजेचा शेवट

मोडलेलं हाड नीट जुळलं, की काही वर्षांनी काढलेल्या एक्स-रेवर ते नेमकं कुठे मोडलं होतं हे दाखवणं अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जातं. त्वचेवर जखमेचा व्रण राहतो, हार्ट अ‍ॅटॅकनंतर हृदयाच्या स्नायूत कायमचा चट्टा राहतो. हाड मात्र आपल्याच जातीची नवी ऊती तयार करून मोकळं होतं. त्याच हाडाला स्नायूशी बांधणाऱ्या कंडरेला, म्हणजे टेंडनला, हे साधत नाही. टाचेमागची जाड कंडरा तुटली, शिवली, महिनोन्‌महिने व्यायाम केला, तरी जोडाच्या जागी उरते ती विस्कटलेल्या तंतूंची, मूळच्या ताकदीला न पोचणारी, चट्ट्यासारखी ऊती.

हा फरक का पडतो? कंडरेला रक्तपुरवठा कमी, तिच्यात पेशी मोजक्या, तिला अस्थिमज्जा नाही, ही जुनी उत्तरं खरीच आहेत. त्यांच्या जोडीला गेल्या पंचवीसेक वर्षांत आणखी एक उत्तर पुढे आलं आहे. इजा झाल्यावर तिथे धावून येणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी काय करतात, आणि मुख्य म्हणजे काम आटोपून कधी निघतात, यावर बरंच काही अवलंबून असतं. दाह वाईट, तो दाबावा, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की पाय मुरगळला तरी पहिली धाव वेदनाशामक गोळीकडे असते. आजवरचा पुरावा एकत्र मांडला तर ती समजूत टिकत नाही. तिच्या उलट बाजूचा, दाह वाढवला की जखम लवकर भरते असा दावाही टिकत नाही. दाह कोणत्या ऊतीत आहे आणि कितवा दिवस आहे, हे ठाऊक असल्याशिवाय तो हवा की नको याला उत्तरच देता येत नाही.

सुरुवात रक्ताच्या गुठळीपासून करायला हवी. हाड मोडताच त्यातल्या आणि भोवतालच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या तुटतात आणि मोडलेल्या टोकांमध्ये रक्त साकळतं. या गुठळीच्या आतलं वातावरण पेशींसाठी बिकट असतं. प्राणवायू जवळपास संपलेला, लॅक्टेट साठलेलं, आम्लता वाढलेली, फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेलं पोटॅशियम सगळीकडे. हा सगळा साफ करून टाकायचा कचरा आहे असं कुणालाही वाटेल. पण १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांमध्ये, म्हणजे रॅटमध्ये, अस्थिभंगातली ही गुठळी काढून त्याच प्राण्याच्या स्नायूत ठेवली गेली. स्नायूत एरवी हाड तयार होण्याचं काही कारण नसतं. दोन दिवसांच्या गुठळीने तिथे काहीच केलं नाही. चार दिवसांच्या गुठळीने मात्र स्नायूच्या आत आधी कूर्चा आणि मग हाड तयार केलं. मधल्या दोन दिवसांत त्या गुठळीत हाड घडवण्याची क्षमता आली होती. अस्थिभंगानंतर काही दिवसांनी ही गुठळी काढून टाकली तर हाड जुळायला उशीर होतो, हे इतर प्रयोगांतही दिसलं आहे.

या पहिल्या दिवसांत गुठळीत जे घडतं ते पांढऱ्या पेशींमुळे. सर्वांत आधी, काही तासांतच, न्यूट्रोफिल पोचतात. जंतू मारणाऱ्या, अल्पायुषी, आजूबाजूच्या ऊतीचंही नुकसान करणाऱ्या पेशी अशी त्यांची ख्याती. नेदरलँड्‌समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी माणसांच्या अस्थिभंगातली गुठळी तपासली तेव्हा पहिल्या ४८ तासांत या न्यूट्रोफिलच फायब्रोनेक्टिन नावाचं प्रथिन तयार करत असल्याचं दिसलं. हाड घडवणाऱ्या पेशींना धरून बसायला काहीतरी आधार लागतो. त्या पोचण्यापूर्वीच न्यूट्रोफिल हा तात्पुरता आधार टाकून ठेवत असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उघड्या अस्थिभंगात जखम धुणं अपरिहार्यच असतं, तिथे जंतुसंसर्गाचा धोका सगळ्यात मोठा. पण बंद अस्थिभंगात शल्यचिकित्सक आज गुठळीला शक्यतो हात लावत नाहीत, त्याला हा आधार आहे.

न्यूट्रोफिलनंतर येतात मॅक्रोफेज, आणि या विषयाचा गाभा त्यांच्यापाशीच आहे. रशियन जीवशास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे ताऱ्यामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती जमलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. परकं ते गिळणाऱ्या पेशींची कल्पना तिथून सुरू झाली, आणि १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एअरलिख यांच्याबरोबर मिळालं. गिळणं हेच मॅक्रोफेजचं काम, ही प्रतिमा पुढे शंभर वर्षं टिकली. हाडाच्या बाबतीत ती बदलायला लागली ती ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधल्या कामाने. २००८ मध्ये तिथल्या गटाने दाखवलं की निरोगी हाडाच्या पृष्ठभागावर, हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींवर छत धरल्यासारखे, खास मॅक्रोफेज कायम पसरलेले असतात. त्यांना ‘ऑस्टिओमॅक’ हे नाव पडलं. पुढे याच संशोधकांनी उंदरांमध्ये हाड मोडायच्या सुमाराला मॅक्रोफेज नष्ट करून पाहिले. मोडलेल्या टोकांभोवती जो नव्या ऊतीचा पूल तयार होतो, ज्याला डॉक्टर ‘कॅलस’ म्हणतात, तो तयारच झाला नाही. मॅक्रोफेज उशिरा नष्ट केले तेव्हा कॅलस आला, पण लहान.

म्हणजे सूज आणणाऱ्या याच पेशी नसतील तर हाड जुळायलाच सुरुवात होत नाही. मॅक्रोफेज ऑन्कोस्टॅटिन-एम नावाचं संदेशद्रव्य सोडतात आणि त्यामुळे मूळपेशी हाडाच्या दिशेने वळतात. टीएनएफ-अल्फा या द्रव्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. संधिवातात सांधे खाणारं म्हणून हे द्रव्य बदनाम. ते अडवणारी औषधं लाखो रुग्ण घेतात. पण ज्या उंदरांत टीएनएफचा संदेश पोचतच नाही अशा उंदरांचं हाड जुळायला कित्येक आठवडे उशीर होतो, हे २००३ मध्ये दिसून आलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हाड मोडल्यावर लगेच, त्याच जागी, थोडंसं टीएनएफ दिलं तेव्हा ते लवकर जुळलं. आता याच्या शेजारी मधुमेही उंदरांचे प्रयोग ठेवा. त्यांच्या कॅलसमध्ये टीएनएफ उतरतच नाही, त्यामुळे कॅलसमधली कूर्चा हाड होण्याआधीच नष्ट होते. तिथे टीएनएफ अडवणारं औषध दिलं तर जुळणं सुधारतं. पहिल्या दिवसांत उपकारक असलेलं द्रव्य तिसऱ्या आठवड्यात अपकारक ठरतं. मधुमेह घरोघरी पोचलेल्या आपल्या समाजात नडगीचं हाड जुळायला वेळ का लागतोय असं विचारणाऱ्या रुग्णाला या उत्तराचा एक भाग तरी सांगायला हवा.

इथे पाठ्यपुस्तकी मांडणीविषयी थोडं बोलायला हवं. दाह भडकवणारे ‘एम-१’ आणि दुरुस्ती करणारे ‘एम-२’ अशी मॅक्रोफेजची दोन गटांत विभागणी २००० सालापासून रूढ झाली. शिकवायला सोपी म्हणून ती टिकली आणि तिने बराच गोंधळही घातला. काचेच्या बशीत एकेक द्रव्य घालून वाढवलेल्या पेशींसाठी ती बरोबर होती. जखमेतल्या पेशी एकाच वेळी दोन्हीकडची लक्षणं दाखवतात, आणि एकेका पेशीतली जनुकं तपासणाऱ्या आजच्या पद्धतींना तिथे अनेक अवस्था सापडतात. तरीही दरवर्षी अमुक पदार्थ ‘एम-१ चे एम-२ करतो’ असं सांगणारे शोधनिबंध येत राहतात. मूळ मुद्दा असा की आधीची भडकलेली अवस्था गाळून थेट शांत अवस्थेकडे उडी मारता येत नाही. वर सांगितलेले मॅक्रोफेज आणि टीएनएफचे प्रयोग त्याचाच पुरावा आहेत.

हाड आणि रोगप्रतिकारक यंत्रणा यांचं नातं याहून जवळचं आहे, कारण हाड खाणारी ऑस्टिओक्लास्ट पेशी ही मॅक्रोफेजच्याच कुळातली. हे कळलं ते काही विलक्षण पुराव्यांतून. काही उंदरांत जन्मतः हाड खाण्याची क्रिया बंद असते. त्यांची हाडं दगडासारखी घट्ट होत जातात. अमेरिकी संशोधक डोनाल्ड वॉकर यांनी १९७३ मध्ये असा उंदीर आणि निरोगी उंदीर यांचा रक्तप्रवाह शस्त्रक्रियेने काही काळ एकत्र जोडला, आणि आजारी उंदराची हाडं सुधारली. बरं करणारी पेशी रक्तातून येत होती. १९८० मध्ये याच आजाराच्या पाच महिन्यांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देण्यात आली. त्यानंतर तिच्या हाडातल्या ऑस्टिओक्लास्टमध्ये भावाचं वाय गुणसूत्र सापडलं. हाड घडवणाऱ्या पेशी मात्र तिच्या स्वतःच्याच होत्या. हाड बांधणारे आणि हाड मोडणारे वेगवेगळ्या घराण्यांतले आहेत याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मागता येणार नाही. त्याआधी, १९७२ मध्ये, चेतवलेल्या पांढऱ्या पेशी ज्या द्रवात वाढवल्या तो नुसता द्रवही हाड झिजवतो हे दिसलं होतं. या सगळ्याला ‘ऑस्टिओइम्युनॉलॉजी’ हे नाव २००० साली मिळालं. जुळलेल्या हाडाचा ओबडधोबड कॅलस महिन्या-वर्षांत घासून मूळच्या आकारात आणण्याचं काम याच ऑस्टिओक्लास्ट करतात. एक्स-रेवरची खूण पुसली जाते ती त्यांच्यामुळे.

आता टी-पेशींकडे वळू. जंतूंची आठवण ठेवणाऱ्या या पेशींचा हाड जुळण्याशी काय संबंध, असं बराच काळ वाटत होतं. या प्रश्नावर सर्वांत लक्षवेधी काम बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात झालं आहे. २०१३ मध्ये तिथल्या गटाने नडगीचं हाड मोडलेल्या रुग्णांचं रक्त तपासलं. ज्यांचं हाड जुळायला उशीर झाला त्यांच्या रक्तात एका विशिष्ट प्रकारच्या सीडी-८ टी-पेशी जास्त होत्या. या पेशी म्हणजे आयुष्यभर संसर्गांशी झुंजून पार मुरलेल्या. त्या नव्याने फारशा वाढत नाहीत, पण जराशा चिथावणीने इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ ओततात. अस्थिभंगाच्या गुठळीत त्या रक्तातल्यापेक्षाही अधिक प्रमाणात सापडल्या, आणि त्यांनी सोडलेली द्रव्यं मूळपेशींना हाडाकडे वळण्यापासून रोखतात हे प्रयोगशाळेत दिसलं. उंदरांतल्या सीडी-८ पेशी काढून टाकल्या तर जुळणं सुधारलं. बाहेरून भरल्या तर बिघडलं. या पेशींचं प्रमाण अस्थिभंगामुळे वाढलेलं नव्हतं. ते त्या माणसाच्या आजवरच्या आजारपणांचं संचित होतं.

याच गटाने पुढे आणखी एक गोष्ट दाखवली, जी या क्षेत्रातल्या बऱ्याच निष्कर्षांकडे सावधपणे पाहायला लावते. प्रयोगशाळेतले उंदीर गाळलेल्या हवेत, निर्जंतुक खाद्यावर वाढतात. त्यांच्यात अशा मुरलेल्या टी-पेशी जवळपास नसतातच. त्यांची रोगप्रतिकारक यंत्रणा प्रौढ माणसापेक्षा नवजात बाळासारखी असते. मोकळ्या वातावरणात, जंतूंच्या सहवासात वाढवलेल्या उंदरांमध्ये हाडाची घडण आणि जुळणं वेगळं दिसतं. आपल्याकडे लहानपणापासून नाना संसर्गांतून गेलेल्या माणसाच्या हाडाविषयी बोलताना स्वच्छ पिंजऱ्यातल्या तीन महिन्यांच्या उंदरावरचा निष्कर्ष जसाच्या तसा लावणं धोक्याचं आहे. बर्लिनसारखी तपासणी भारतीय रुग्णांमध्ये मोठ्या प्रमाणावर व्हावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडचे अस्थिभंग आणि आपल्याकडचा संसर्गांचा इतिहास, दोन्हींची कमतरता नाही.

टी-पेशी सगळ्याच विरोधात असतात असंही नाही. टोकियोतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की गॅमा-डेल्टा प्रकारच्या टी-पेशी इंटरल्युकिन-१७ सोडून मूळपेशींची वाढ घडवतात आणि हाड लवकर भरतं; हे द्रव्य नसलेल्या उंदरांत ते रेंगाळतं. इंटरल्युकिन-१७ हेही संधिवात आणि सोरायसिसमधलं कुप्रसिद्ध नाव. टी आणि बी दोन्ही पेशी नसलेल्या उंदरांचं हाड तर लवकर जुळतं, पण टी-पेशींविना बनलेल्या हाडात कोलॅजनची मांडणी अस्ताव्यस्त होते, असंही एक निरीक्षण आहे. लवकर जुळणं आणि चांगलं जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे ध्यानात ठेवलेलं बरं.

वय वाढलं की हाड उशिरा जुळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा दोष बराच काळ म्हाताऱ्या हाडाच्या पेशींवर टाकला जाई. टोरांटोमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये वॉकर यांचीच जुनी युक्ती वापरली. तरुण आणि म्हातारा उंदीर यांचा रक्तप्रवाह जोडला आणि म्हाताऱ्याचं हाड मोडलं. ते तरुणासारखं जुळलं. नुसती तरुण अस्थिमज्जा दिली तरी परिणाम तोच. हाड घडवणाऱ्या पेशी म्हाताऱ्याच्याच होत्या. बदलल्या होत्या त्या रक्तातून येणाऱ्या. २०१८ मध्ये हा धागा तरुण मॅक्रोफेजपर्यंत आणि त्यांनी सोडलेल्या काही प्रथिनांपर्यंत पोचला. स्टॅनफर्डच्या गटाने २०२१ मध्ये याला पूरक दुसरी बाजू मांडली: म्हाताऱ्या हाडाच्या मूळपेशी स्वतःच दाह पसरवणारं वातावरण तयार करतात, आणि सीएसएफ-१ या द्रव्याला थोडा लगाम घालून सोबत हाड वाढवणारं बीएमपी-२ दिलं तर म्हाताऱ्या उंदराचं हाड तरुणासारखं जुळतं. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर वाटतं, म्हातारपणी दाह कमी पडतो असं नाही. तो आधीपासूनच धुमसत असतो, आणि इजेनंतर जो जोरात पेटून विझायला हवा तो धड पेटत नाही की विझत नाही.

इथेच वेदनाशामकांचा प्रश्न येतो. या गोळ्यांनी प्रोस्टाग्लँडिन तयार करणारं कॉक्स-२ विकर बंद केलं की सूज आणि दुखणं कमी होतं. २००२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की कॉक्स-२ नसलेल्या किंवा औषधाने बंद केलेल्या प्राण्यांत अस्थिभंग नीट जुळत नाही. त्यावरून खळबळ उडाली आणि वीस वर्षं वाद चालला. माणसांवरच्या अभ्यासांत चित्र इतकं ठळक निघालं नाही. २०१० च्या एका एकत्रित विश्लेषणात दर्जेदार अभ्यास वेगळे काढले तेव्हा धोका दिसेनासा झाला. २०१९ च्या दुसऱ्या विश्लेषणात प्रौढांमध्ये हाड न जुळण्याची किंवा उशिरा जुळण्याची शक्यता जवळपास दुप्पट निघाली. पण मुलांमध्ये आणि कमी मात्रेत थोडे दिवस औषध घेतलेल्यांत ती दिसली नाही. मला यातून निघणारा अर्थ सरळ वाटतो. हाड मोडलेल्या माणसाला पहिले काही दिवस वेदनेत तळमळत ठेवण्याचं कारण नाही. पण डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी औषधाच्या दुकानातून स्वतःच आणून दीड-दोन महिने चघळत राहणं, विशेषतः धूम्रपान करणाऱ्याने किंवा मधुमेह्याने, हे हाडाच्या मुळावर येऊ शकतं. आणि ते डॉक्टरला सांगितलंही जात नाही.

हाड न जुळणं किती जणांच्या वाट्याला येतं? पुस्तकांतून ५ ते १० टक्के हा आकडा फिरत आला. स्कॉटलंडमध्ये ४० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये काढलेला आकडा दर अस्थिभंगामागे सुमारे १.९ टक्के आहे. बहुतेक हाडं जुळतात. कंडरेविषयी असं म्हणता येत नाही.

कंडरा किती स्थिर ऊती आहे याचा सर्वांत सुंदर पुरावा अणुचाचण्यांतून आला. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात झालेल्या अणुस्फोटांनी हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण जवळजवळ दुप्पट केलं; मोकळ्या हवेतल्या चाचण्यांवर बंदी आल्यावर ते हळूहळू उतरत गेलं. अन्नातून ते प्रत्येकाच्या शरीरात शिरलं. त्यामुळे एखाद्या ऊतीतलं कार्बन-१४ मोजलं की ती कोणत्या वर्षांत घडली हे सांगता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या माणसांच्या टाचेमागच्या कंडरा अशा तपासल्या. कंडरेच्या गाभ्यातलं कार्बन-१४ त्या माणसाच्या वयाच्या पहिल्या सतरा वर्षांतल्या हवेशी जुळत होतं. त्याच माणसांच्या स्नायूत मात्र अलीकडचा कार्बन होता. साठीतला माणूस ज्या कंडरेवर चालतो तिचा गाभा त्याच्या शाळेच्या दिवसांतला असतो. जी ऊती निरोगी असताना स्वतःला नव्याने घडवत नाही, तिने तुटल्यावर तसं करावं ही अपेक्षाच मोठी आहे.

तुटलेल्या कंडरेतही क्रम तोच: आधी न्यूट्रोफिल, मग मॅक्रोफेज, मग तंतू विणणाऱ्या पेशी. पण हाडात मॅक्रोफेज काढले की जुळणं थांबतं, कंडरेत उलटंच दिसलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इजा झालेल्या कंडरेतले मॅक्रोफेज कमी केले. नवी ऊती कमी तयार झाली, पण ती ताणाला अधिक टिकली. गुडघ्यातला लिगामेंट बदलताना कंडरेचा तुकडा हाडात पाडलेल्या बोगद्यात बसवतात. रॅटमधल्या तशाच शस्त्रक्रियेत मॅक्रोफेज घटवल्यावर कंडरा हाडाला अधिक पक्की चिकटली, हे २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने दाखवलं. कंडरेत मॅक्रोफेज घाईने भरणा करायला लावतात आणि तो भरणा म्हणजे चट्टा, असा याचा अर्थ लावता येतो. हाताच्या बोटांतल्या कंडरांची शस्त्रक्रिया करणाऱ्यांना हे फार जवळून माहीत असतं: कंडरा जुळते, पण भोवतालच्या नळीला चिकटून बसते आणि बोट वळत नाही. म्हणून तिथे फिजिओथेरपी शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच सुरू करतात.

तुटण्याच्या पलीकडे, वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कंडरेचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावरचा वाद फार शिकवून जातो. टेनिस एल्बो, टाचेमागचं दुखणं, खांद्यातलं दुखणं यांना आधी सरसकट ‘टेंडिनायटिस’, म्हणजे कंडरेचा दाह म्हणत. शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा दाहाच्या पेशी क्वचितच दिसल्या. दिसले ते विस्कटलेले तंतू. त्यामुळे १९९० नंतर वारं उलट फिरलं. ही दाहाची नव्हे, झिजेची व्याधी आहे, टेंडिनायटिस ही कल्पनाच सोडून द्या, असं २००२ मध्ये एका नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ठासून लिहिलं गेलं. पण शस्त्रक्रियेतले ते तुकडे बहुतेक जुनाट, शेवटच्या टप्प्यातल्या आजाराचे होते. ग्लासगोच्या गटाने २०१० मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या खांद्याच्या कंडरा तपासल्या आणि त्यांत मॅक्रोफेज, मास्ट पेशी आणि टी-पेशी सापडल्या. ऑक्सफर्डच्या गटाने २०१५ पासून याच्या पुढचं दाखवलं: दाहाच्या पेशी निघून गेल्यावरही कंडरेतल्या तंतू विणणाऱ्या पेशी चेतलेल्याच राहतात, जणू त्यांना आधीच्या दाहाची आठवण राहते, आणि पुढच्या छोट्या ताणाला त्या जास्त जोराने उत्तर देतात. दोन्ही बाजू आपापल्या टप्प्यापुरत्या बरोबर होत्या. चूक झाली ती एका टप्प्याचं चित्र पूर्ण आजाराचं म्हणून वापरण्यात.

या वादाची किंमत रुग्णांनी मोजली. कंडरेच्या दुखण्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन हा सोपा उपाय, आठवड्यात आराम पडतो. ब्रिस्बेनमध्ये टेनिस एल्बोच्या १६५ रुग्णांवर झालेली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी प्रत्येक ओपीडीत लावून ठेवावी अशी आहे. वर्षभराने, खोटं इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९६ टक्के पूर्ण बरे किंवा बरेच सुधारलेले होते, स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी ८३ टक्के. दुखणं उलटण्याचं प्रमाण अनुक्रमे १२ आणि ५४ टक्के. दाह दाबून लवकर मिळालेला आराम पुढे महागात पडला.

त्याची प्रतिक्रिया म्हणून आलेलं पीआरपी, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातल्या बिंबाणूंचा दाट द्रव, आज पुण्या-मुंबईच्या अनेक दवाखान्यांत हजारो रुपये घेऊन दिला जातो. बिंबाणूंतली वाढद्रव्यं दुरुस्तीला चालना देतील ही कल्पना तर्काला धरून आहे. पण ब्रिटनमध्ये तुटलेल्या टाचेमागच्या कंडरेवर २०१९ मध्ये आणि जुनाट दुखण्यावर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ते खोट्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. त्यात पांढऱ्या पेशी किती असाव्यात, कोणत्या दिवशी द्यावं, हे प्रत्येक दवाखान्यात वेगळं. खांद्या-कोपरासाठी काही अनुकूल निष्कर्ष आहेत, पण रुग्णाकडून एवढे पैसे घेण्याइतका पक्का पुरावा टाचेमागच्या कंडरेसाठी तरी मला दिसत नाही. हळूहळू वजन वाढवत नेलेला व्यायाम मात्र सगळ्या वादांतून तरून राहिला आहे.

कंडरा आणि हाड जिथे मिळतात ती जागा सर्वांत कठीण. मूळ जोडात कंडरा, तंतुमय कूर्चा, खनिजं साठलेली कूर्चा आणि हाड असे एकात एक मिसळत जाणारे चार थर असतात. शस्त्रक्रियेने खांद्याची कंडरा हाडाला शिवली तर हे थर परत येत नाहीत, मध्ये चट्टाच भरतो. २००४ च्या एका अमेरिकी अहवालात दुर्बिणीतून शिवलेल्या मोठ्या फाटण्यांपैकी १८ मधल्या १७ पुन्हा उसवलेल्या आढळल्या. तंत्र त्यानंतर सुधारलं, पण मोठी फाटण आणि वयस्क रुग्ण हे समीकरण अजूनही अवघड आहे. याच जागेत मुळातच काही टी-पेशी ठाण मांडून असतात आणि इंटरल्युकिन-२३ ने त्या चेतल्या की तिथे दाह आणि नवं हाड दोन्ही उगवतात, हे उंदरांत २०१२ मध्ये दिसलं. कण्याला घट्ट करत नेणाऱ्या अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसचा धागा इथूनच जातो. एकाच जागी, एका आजारात नको तिथे हाड तयार होतं आणि शस्त्रक्रियेनंतर हवं तिथे होत नाही.

कंडरा चट्ट्याशिवाय जुळूच शकत नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. मेंढीच्या गर्भातल्या कोकराची कंडरा चट्ट्याशिवाय जुळते. नवजात उंदराची तुटलेली कंडरा कंडरेच्याच पेशींनी भरून येते आणि तिचं काम परत मिळतं, हे न्यूयॉर्कमधल्या संशोधनात २०१७ मध्ये दिसलं. प्रौढ उंदरात त्या जागी दुसऱ्याच पेशी चट्टा विणतात. त्याच गटाच्या पुढच्या कामात फरकाचं एक कारण नियामक टी-पेशींत सापडलं. रोगप्रतिकारक यंत्रणेला आवर घालणाऱ्या या पेशी नवजात उंदरातून काढल्या तर त्याचीही कंडरा नीट जुळेना. नवजाताच्या नियामक पेशी प्रौढ उंदराला दिल्या तर त्याचं जुळणं काहीसं सुधारलं. हे निष्कर्ष अजून उंदरांपुरते आहेत आणि प्रौढाच्या स्वतःच्या नियामक पेशींना तेच काम करायला लावता येईल का, यावर आता काम सुरू आहे. हाडाच्या बाजूने सगळ्यात लवकर हाती येण्यासारखी गोष्ट म्हणजे बर्लिनच्या निष्कर्षावर आधारलेली रक्ततपासणी. शस्त्रक्रियेच्या दिवशीच कोणाचं हाड रेंगाळेल हे कळलं, तर सहा महिने वाट पाहून दुसऱ्यांदा ऑपरेशन करण्याऐवजी त्याच रुग्णाला सुरुवातीपासून वेगळे उपचार देता येतील. बाकीच्यांना त्यांची गरजच नसते.